वेणीमाधवांचं कथनयंत्र

"बाबा, मला एक अगदी साधं अ‍ॅप करून द्याल का?" असं ओवीने विचारलं, तेव्हा वेणीमाधव क्षेमकल्याणी मेथी निवडत होते. ओझरच्या विमान कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेल्या माणसाला घरात मेथीपलीकडे कोणी काही विचारत नाही, हे त्यांचं ताजं दुखणं होतं. त्यामुळे लेकीच्या वाक्यातला 'साधं' हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. 'करून द्याल का' एवढंच पोचलं, आणि त्या आनंदात त्यांनी निवडलेली पानं कचऱ्यात आणि काड्या पातेल्यात टाकल्या.

ओवी पीएच.डी. करत होती. विषय होता पेठ तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरच्या बायका आणि त्यांचं पाणी. तिथल्या बायकांनी आपापल्या आवाजात आपला दिवस सांगायचा, फोटो काढायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून ते ऐकायचं आणि यातलं महत्त्वाचं काय ते आपसांत ठरवायचं. या सगळ्यासाठी एक अ‍ॅप हवं होतं.

"आणि तू काय विचारणार त्यांना?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"मी फारसं काही विचारायचं नसतं बाबा. लोकच सांगतात, लोकच ऐकतात, लोकच ठरवतात. मी बहुतेक वेळ गप्प बसते."

आपली मुलगी बहुतेक वेळ गप्प बसण्यात पारंगत होऊन डॉक्टर होणार, ही कल्पना त्यांना पचायला जड गेली. घरात तरी तसं काही लक्षण दिसलं नव्हतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, कारण काम हातचं गेलं असतं.

अडचण वेळेची होती. पुण्याच्या एका कंपनीने हे अ‍ॅप होळीपर्यंत देतो म्हणून सांगितलं होतं, आणि पाडा काही होळीपर्यंत थांबणार नव्हता. दिवाळी झाली की अर्धी वस्ती द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरते. पाड्यावरच्या भागीबाईचा फोन परवाच आला होता. "ताई, तू कवा येशील? दिवाळी झाली का आमी जाऊ खाली. मंग कोणाला इचारशील, दगडांना?" त्यातून ओवीच्या मार्गदर्शक तेजल मॅडमची एक अट होती. अ‍ॅप आधी ओळखीच्या माणसांवर वापरून बघायचं, त्यांची एक बैठक मॅडमना दाखवायची आणि मगच डोंगर चढायचा. ती बैठक दिवाळीच्या आत झाली नाही, तर ओवीचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

"साधं ठेवा हं बाबा," असं बजावून ओवी पाड्यावर राहण्याची सोय बघायला पेठला गेली. जाण्यापूर्वी तिने काय हवं, काय नको ते एका कागदावर लिहून दिलं. वेणीमाधवरावांनी तो कागद बिल्डिंगमधल्या चार लोकांना दाखवला, आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

अ‍ॅप करायला ते कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं इंटरनेटवर शिकले. तुकडे उचलायचे, जागेवर बसवायचे, रेघेने जोडायचे. हे तर आपलंच काम, म्हणून त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. नाव त्यांनी ठेवलं 'कथनयंत्र'. इंदिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, "अहो, काहीतरी गोड ठेवा ना," असं सुचवलं. पण यंत्राला गोड नाव ठेवलं की ते कामात चुकारपणा करतं, असं त्यांचं मत पडलं. सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहावं, असं ओवीच्या कागदावर होतं. म्हणून त्यांनी प्रत्येकाला विमानाच्या सुट्या भागाला देतात तसा एक क्रमांक दिला. इंदिराबाईंना 'क-४ डावी बाजू' मिळाला. उजवी बाजू कोण, हे त्या बरेच दिवस विचारत होत्या.

इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीचं नाव अमृतधारा. तिथे पाणी सकाळी एकदा आणि संध्याकाळी आलं तर येतं. तेव्हा चाचणीचा विषय पाणीच ठरला, आणि पाण्याचा विषय म्हटल्यावर सल्ल्यांना मात्र कसलीच टंचाई नव्हती.

शेजारचा आल्हाद हा कॉम्प्युटरमधला. दिवसभर घरी बसून तो अमेरिकेतल्या कोणाशी तरी बोलत असतो. ओवीच्या कागदावर 'बटण दाबून धरलं तरच रेकॉर्डिंग' असं लिहिलं होतं, ते वाचून तो कीव आल्यासारखा हसला. "काका, युजरला बटण दाबायला लावलं की संपलं. माणूस बोलला की आपोआप रेकॉर्ड झालं पाहिजे. आजकाल सगळं असंच असतं." वेणीमाधवरावांना आजकालचं काही राहून गेलेलं चालत नसे. त्यांनी बटण काढून टाकलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मीनाताई साळवेकरांचं दुःख निराळं होतं. "आमचं बोलणं या सोसायटीत कोणी ऐकतच नाही हो. तुमच्या त्या यंत्रात असं करा, एकाने बोललेलं सगळ्यांच्या फोनवर गेलं पाहिजे. आणि आपोआप वाजलं पाहिजे. नाहीतर लोक उघडतच नाहीत." हेही त्यांना पटलं. लोकच सांगतात, लोकच ऐकतात, असं ओवी म्हणालीच होती. तासाभराच्या सगळ्या नोंदी गोळा होऊन एकदम सगळ्यांकडे जातील आणि मोठ्याने वाजतील, अशी सोय त्यांनी करून टाकली.

सेक्रेटरी विश्वेश धारणे यांच्याकडे ना हरकत दाखल्याचा अर्ज गेला, तो तीन वेळा परत आला. एकदा विषयात 'पाणी' शब्द आहे म्हणून, एकदा नाही म्हणून, आणि एकदा अर्ज साध्या कागदावर आहे म्हणून. शेवटी धारण्यांनी आपली अट सांगितली. "नुसतं बोलून काय होतंय? मतदान पाहिजे. प्रत्येक नोंदीखाली सहमत, असहमत, अंशतः सहमत. लोकशाही आहे." तेही बसवलं. मग धारण्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. आपली सगळी मंडळी एका जागी यायची ती वर्षातून एकदाच, सोसायटीच्या सत्यनारायणाला. दसरा झाल्यावरच्या रविवारी पार्किंगमध्ये पूजा आहे. तिथेच यंत्राचं उद्घाटन करा, नवी वस्तू आहे, चार अक्षता पडू देत.

ही सूचना मात्र वेणीमाधवरावांच्या अगदी मनातली होती. कारखान्यात खंडेनवमीला ते ड्रॉइंग बोर्डालाही हळदकुंकू वाहत असत. त्यांचं सगळं आयुष्य त्या बोर्डासमोर गेलं होतं, आणि तिथली एक शिस्त त्यांच्या रक्तात उतरली होती. तिथे काढलेलं चित्र कधी खोडत नाहीत. चूक झाली तर जुन्या चित्राला 'आवृत्ती अ' म्हणायचं, सुधारून 'आवृत्ती ब' काढायची, बदललेल्या जागी लाल खूण करायची आणि ती ज्याच्या-ज्याच्याकडे जुनी प्रत गेली आहे त्या प्रत्येकाला पाठवायची. विमान उडायचं तर हे हवंच. कथनयंत्रात त्यांनी हीच सोय केली. खोडायचं बटण ठेवलंच नाही. ते नसणं ही उणीव आहे, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

पूजेच्या दिवशी चौरंगाशेजारी पाटावर टॅबलेट मांडला. गुरुजींनी त्याला गंध लावलं, तेव्हा पडद्याला बोट लागलं समजून तो दोनदा बंद पडला. तेवढ्यात वेणीमाधवरावांनी फिरून सगळ्यांच्या फोनवर यंत्र चढवलं. संमतीचं भलंमोठं पान आलं, पण गुरुजी खोळंबले होते, म्हणून सगळ्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं. ओवी दुपारच्या बसने पेठहून निघाली होती, ती अजून पोचायची होती.

पोथी सुरू झाली. आता सत्यनारायणाची पोथी चालू असताना आपल्याकडे लोक काय करतात, हे कोणाला सांगायला नको. पहिला अध्याय हात जोडून होतो. दुसऱ्यात मांडी बदलतात. तिसऱ्यापासून शेजारच्याच्या कानाशी तोंड जातं आणि ते आरतीपर्यंत तिथून हलत नाही. अमृतधारा सोसायटी याला अपवाद नव्हती, आणि त्यांच्या खिशांत, पर्समध्ये, मांडीवर कथनयंत्र मन लावून ऐकत होतं.

आरतीला सगळे उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या, घंटा सुरू झाली आणि नेमका तास भरला.

एकाच वेळी सगळे फोन बोलू लागले. सुरुवातीला वाटलं, आरतीला कोरस मिळाला. मग गुरुजींची घंटा थांबली आणि मीनाताईंचा आवाज पार्किंगच्या चारी कोपऱ्यांतून घुमला. "धारण्यांची आंघोळ झाल्याशिवाय पंप थांबत नाही. त्यांचं गाणं बंद झालं की समजायचं, टाकी संपली." पाठोपाठ धारण्यांचा आवाज आला. "तिसऱ्या मजल्यावर दिवसातून दोनदा गॅलरी धुतात. गॅलरी आहे की गोदाघाट?" मग आल्हादचा. "आमच्याकडे बेडखाली ड्रम भरलेले असतात, पण तू कोणाला बोलू नकोस." नावं गुप्त होती, आवाजाच्या आधी यंत्र 'भाग क्रमांक अ-१' वगैरे व्यवस्थित सांगत होतं. पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या भिंतीला कान लावून राहिलेल्या माणसांपासून कोणाचा आवाज लपणार?

सगळ्यांत लांब नोंद गुरुजींची निघाली. यंत्राने त्यांना 'सर्वांत सक्रिय सहभागी' ठरवलं.

आणि खरी कमाल पुढेच होती. भांडण पेटण्याऐवजी लोक मतदान करायला लागले. धारण्यांच्या आंघोळीला बघता बघता सगळ्या बिल्डिंगचं 'सहमत' पडलं. खुद्द धारण्यांनी घाईत 'अंशतः सहमत' दाबलं. पोथीच्या चौथ्या अध्यायाला कोणीतरी 'असहमत' दिलं; तो कोण, याचा शोध अजून लागलेला नाही.

मतदान संपल्यावर मात्र भांडण झालं. प्रसादाचा शिरा तसाच राहिला. धारण्यांनी वेणीमाधवरावांना जिन्याखाली गाठलं आणि दात आवळून म्हणाले, "ती माझी गोदाघाटाची नोंद आत्ताच्या आत्ता काढून टाका."

वेणीमाधवरावांनी तत्परतेने 'दुरुस्ती' दाबलं आणि वाक्य पुसलं. यंत्राने आपला धर्म पाळला. सगळ्यांचे फोन पुन्हा वाजले. "भाग क्रमांक अ-१ यांच्या नोंदीची सुधारित आवृत्ती ब. बदललेला भाग लाल रंगात दाखवला आहे. तुलनेसाठी जुनी आवृत्ती सोबत जोडली आहे." आणि गोदाघाट पुन्हा एकदा सगळ्या पार्किंगने ऐकला. मीनाताईंनी चप्पल घातली आणि तीर्थ न घेता निघून गेल्या. आल्हाद म्हणाला, "काका, एकदा बंद करून चालू करून बघा ना." चालू केल्यावर आवृत्ती क निघाली.

याच वेळी ओवी फाटकातून आत आली. तिच्या पाठीवर सॅक होती, बुटांवर पेठच्या रस्त्याचा लाल फुफाटा होता. काय झालं ते तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. फोन सांगतच होते. ती बापावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काही बोललीच नाही. गप्प बसणं ही खरोखरच शिकण्याची विद्या आहे, हे वेणीमाधवरावांना त्या संध्याकाळी उमगलं.

जेवणं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, ही माणसांची बोलणी आहेत. माणसाला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटतं. ते घेता आलं नाही तर पाड्यावरच्या बायका माझ्यासमोर तोंड कशाला उघडतील?"

मग तिने तेजल मॅडमना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. आतल्या खोलीतून वेणीमाधवराव ऐकत होते. ती आपल्यावर दोष ढकलेल, ही भीती त्यांना नव्हती. तिने काहीच ढकललं नाही, हेच त्यांना लागलं. मॅडमनी निर्णय दिला. येत्या रविवारी त्या स्वतः येणार. त्याआधी खोडायची सोय करा. ज्याचं बोलणं त्याने ठेवायचं की खोडायचं, हे त्यानेच ठरवायचं, सगळ्यांनी एकत्र बसून. लोक बसले तर ओवीने पाड्यावर जावं. नाही बसले तर पुढच्या वर्षी बघू.

तो आठवडा वेणीमाधवरावांना फार वाईट गेला. लिफ्टमध्ये ते शिरले की बाकीच्यांना जिन्याने जायची हौस यायची. वॉचमन धोंडीराम, जो त्यांना रोज रामराम करून पाण्याची बातमी द्यायचा, तो आता फक्त मान हलवायचा आणि खिशातला फोन लांब नेऊन ठेवायचा. वेणीमाधवरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर शुद्ध भाषेत दिलगिरी लिहिली. तिच्याखाली कोणीतरी 'अंशतः सहमत' लिहिलं.

तरी ते बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा खोडायचं बटण तयार केलं.  पण अंगात मुरलेल्या ड्रॉइंग ऑफिसने शेवटी डोकं वर काढलंच. माणसाने रागाच्या भरात खोडू नये, म्हणून आधी आपली नोंद पूर्ण ऐकल्याशिवाय बटण उमटणार नाही, अशी अट त्यांनी घातली. आणि कारण लिहिल्याशिवाय ते चालणार नाही, ही दुसरी. कारण सगळ्या गटाला दिसेल.

"कारण कशाला बाबा?" ओवीने कपाळाला हात लावला.

"बिनकारणाचा बदल कुठे असतो का?" ते म्हणाले. या एका मुद्द्यावर ते हटले नाहीत. दमून ओवीनेच सोडून दिलं.

बटण जोडताना सगळ्या नोंदींची यादी त्यांना उघडावी लागली. तिच्यात एक नोंद गटाकडे न गेलेली होती, कारण यंत्र बनवणाऱ्याच्या नोंदी पाठवायच्या नाहीत असं त्यांनीच ठरवलं होतं. ती त्यांची स्वतःची होती. पोथी चालू असताना ते आल्हादच्या कानाशी ओवीबद्दल काहीतरी बोलले होते. काय बोललो ते त्यांना आठवत होतं. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि उगीच चहा करायला उठले. ते बोलणं ओवीच्या कानावर जाता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या पडल्या. तेजल मॅडम आल्या आणि मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लोक आले, राग असला तरी आपल्या नोंदीचं काय होतं ते बघायला आलेच. धारण्यांनी पूजेचा स्पीकर पुन्हा आणला होता, कारण सगळं उघड झालं पाहिजे, लोकशाही आहे. वेणीमाधवरावांनी बटण समजावून सांगितलं. ज्याला खोडायचं त्याने पुढे यावं.

कोणी हललं नाही.

"मीनाताईंनी आधी आंघोळीचं खोडावं," धारणे म्हणाले.

"त्यांनी गोदाघाट खोडला की खोडते," मीनाताई दुसरीकडे बघत म्हणाल्या.

"मी खोडलं आणि बाकीच्यांनी नाही खोडलं, तर ड्रम एकट्या माझ्याच घरात आहेत असं दिसेल," असं आल्हादचं म्हणणं पडलं. मागच्या सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं, यंत्रावर आमचा विश्वासच नाही, पुन्हा आवृत्ती ड निघाली तर? सगळ्यांनी माना डोलावल्या. या एका गोष्टीवर अमृतधारा सोसायटीचं पूर्ण एकमत होतं.

तेजल मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. ओवी सतरंजीच्या कडेला बसून नखाने धागा उसवत होती. तिचा चेहरा वेणीमाधवरावांनी दहावीच्या निकालाच्या दिवशीही असा पाहिला नव्हता.

"मग यंत्र ज्याचं त्यानेच आधी खोडून दाखवावं," धारणे म्हणाले. "तुमची असेल की एखादी नोंद. का तुम्ही पूजेत गप्प बसला होतात?"

वेणीमाधवरावांना 'माझी नाही' म्हणता आलं असतं. कोणी तपासलं नसतं. पण सगळे परत उठून गेले असते, मॅडम गेल्या असत्या आणि ओवी पुढच्या वर्षापर्यंत इथेच राहिली असती. हा शेवटचा विचार डोक्यात आला आणि त्यांना स्वतःचीच फार लाज वाटली, कारण तो विचार त्यांना क्षणभर बरा वाटला होता.

त्यांनी फोन स्पीकरला जोडला आणि नोंद लावली.

आधी पोथीचा गुणगुणाट आला. मग त्यांचा आवाज, हळू, पण स्वच्छ. "खरं सांगू का आल्हाद? ती एकटी त्या डोंगरात राहणार, तिथे रेंज नाही, रात्री जीप नाही. मला झोप लागत नाही. यंत्र फसलं तर बरंच होईल, असं एकेकदा वाटतं. म्हणजे जायचं तरी टळेल. पण बनवतो आहे मन लावून. काय करणार, मला दुसरं काही तिला देताच येत नाही."

स्पीकर थांबला. पार्किंगमध्ये कोणीतरी नाक ओढलं. त्या इंदिराबाई होत्या. ओवीने धागा सोडला होता आणि ती बापाकडे बघत होती. वेणीमाधवरावांनी कोणाकडेच पाहिलं नाही. पडद्यावर खोडायचं बटण उमटलं होतं आणि त्याखाली त्यांनीच हट्टाने ठेवलेली कारणाची रिकामी चौकट होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि एका बोटाने लिहिलं. 'आता तसं वाटत नाही.'

नोंद पुसली गेली. सगळ्यांचे फोन एकदाच हलके वाजले आणि कारण सगळ्यांना दिसलं. कसलीही आवृत्ती निघाली नाही.

 मग धारणे उठले, घसा खाकरून म्हणाले, "माझी लावा." गोदाघाट पुन्हा वाजला. या वेळी मीनाताईंना हसू आलं, आणि त्या हसल्यावर धारण्यांनाही. त्यांनी खोडून कारण लिहिलं, 'घाटाची बदनामी होते.' मीनाताई म्हणाल्या, "माझी राहू दे. खरं आहे ते. पण त्यांनी गाणं म्हणायला माझी हरकत नाही, पंप तेवढा वेळेवर बंद करा." धारणे म्हणाले, पंप लवकर बंद केला तर चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. चौथा मजला म्हणाला, चढतं कधी? आल्हादने ड्रमची नोंद खोडली, कारण दिलं 'ड्रम रिकामे आहेत', आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. पण बोलणं सुरू झालं होतं. कोणाची नोंद कोणाच्या शेजारी ठेवायची, कुठली राहायची, कुठली जायची, यावरून सतरंजीवर सरकासरकी झाली, आवाज चढले, उतरले, राहिलेल्या नोंदींचे टॅबलेटच्या पडद्यावर विषयवार ढीग लागले. त्यातला सगळ्यांत मोठा ढीग 'आपण एकमेकांना सांगतच नाही' असा होता. तो कोणी लावला, हे नंतर कोणालाच सांगता येईना. धोंडीराम फाटकावरून येऊन मागे उभा राहिला आणि म्हणाला, "माझं बी बोलनं घ्या की सायेब, मला कोनी इचारलंच नाय." त्याचंही घेतलं. या वेळी बटण दाबून.

ओवी पूर्ण वेळ गप्प होती. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं, चहा घेतला आणि जाताना तिला म्हणाल्या, "उद्याच निघ. दिवाळीपर्यंत मिळतील तेवढे दिवस घे. तो कारणाचा रकाना मात्र पाड्यावर नको. खोडायला कारण कशाला लागतं?"

सगळे गेल्यावर सतरंज्या गोळा करायला बाप-लेक दोघंच उरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा वेणीमाधवरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. सुटल्यासारखं वाटत होतं, इतकं की मॅडमच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना झोप यायला लागली. ओवी सतरंजीची दोन टोकं धरून उभी होती.

"बाबा, ते कारण खरं लिहिलंत का?"

"नाही," ते म्हणाले. "पण तू गेलीस की होईल खरं."

ओवीने सतरंजीची टोकं त्यांच्या हातात दिली, कपाळाला कपाळ टेकवलं आणि बॅग भरायला वर गेली.